दर दोन तासांनी कूस: शुश्रूषेतील करुणेचा विचार

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर किंवा डोक्याच्या मागच्या भागावर जी जखम होते तिला वैद्यकीय मराठीत शय्याव्रण म्हणतात, आणि रुग्णालयात सगळे तिला ‘बेडसोअर’ याच नावाने ओळखतात. रुग्ण ज्या आजारासाठी दाखल झालेला असतो त्या आजाराने ही जखम होत नाही. हाड आणि गादी यांच्यात दाबल्या गेलेल्या त्वचेतील व तिच्याखालच्या मांसातील केशवाहिन्या, म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या, बराच वेळ मिटलेल्या राहिल्या की त्या जागेचा रक्तपुरवठा तुटतो, पेशी मरू लागतात आणि पुष्कळदा वरची त्वचा फाटण्याआधीच आतले मांस नासलेले असते. घामाने किंवा लघवीने ओलसर राहिलेले अंग, चादरीची सुरकुती, रुग्णाला उचलण्याऐवजी ओढल्यामुळे त्वचेवर पडलेला ताण आणि अपुरे अन्न यांमुळे ही क्रिया वेग घेते. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलत असल्याने त्याला हा धोका नसतो. पक्षाघात झालेल्या, मणक्याला इजा झालेल्या किंवा बेशुद्ध रुग्णाची कूस मात्र दुसऱ्या कोणीतरी बदलावी लागते, आणि शुश्रूषेच्या वर्गात पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेलेला नियम असा की रात्री आणि दिवसा, दर दोन तासांनी ती बदलावी.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये लिहिलेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकाच्या आरंभीच अशा व्रणाचा दोष बहुधा रोगाकडे जात नसून शुश्रूषेकडे जातो असे बजावले होते. आयुष्याच्या अगदी अखेरच्या अवस्थेत सर्व दक्षता घेऊनही काही रुग्णांना असे व्रण होतात हे आता मान्य झाले आहे. तरीही एखाद्या वॉर्डात रुग्णांकडे किती लक्ष दिले जाते याची इतकी प्रामाणिक साक्ष दुसरी कोणती नसेल. शुश्रूषेतील आस्था आणि करुणा यांची चर्चा बहुधा परिचारिकेच्या हसऱ्या चेहऱ्यापासून आणि गोड बोलण्यापासून सुरू होते. ती शय्याव्रणापासून सुरू करणे अधिक योग्य, कारण करुणेचा उगम मनात होत असला तरी रुग्णापर्यंत ती कोरड्या चादरीच्या, वेळेवर बदललेल्या कुशीच्या आणि पाण्याच्या घोटाच्या रूपानेच पोहोचते. आणि हे काम यशस्वी झाले की त्याची खूण मागे उरत नाही, कारण न झालेली जखम कोणाला दिसत नाही. म्हणूनच ते सर्वांत आधी गृहीत धरले जाते आणि माणसे कमी पडली की सर्वांत आधी वगळलेही जाते.

येथे दोन संज्ञा स्पष्ट केलेल्या बऱ्या. आस्थापूर्वक काळजी म्हणजे समोरच्या व्यक्तीची गरज ओळखून ती भागवण्याची जबाबदारी घेणे आणि ती भागली की नाही हे पुन्हा तपासणे. करुणा म्हणजे दुसऱ्याचे दुःख लक्षात येणे, ते मनाला भिडणे आणि ते हलके करण्यासाठी हालचाल करावीशी वाटणे. यांतला तिसरा भाग गळला तर उरते ती केवळ हळहळ. अमेरिकेतील राज्यशास्त्राच्या अभ्यासक जोन ट्रॉन्टो यांनी १९९३ मध्ये काळजीच्या नीतीची मांडणी करताना लक्ष देणे, जबाबदारी स्वीकारणे, काम नीट येणे आणि ज्याची काळजी घेतली त्याचा प्रतिसाद समजून घेणे असे चार घटक सांगितले. यांतील तिसरा, म्हणजे कामाची जाण, नैतिक गुणांच्या यादीत आलेला पाहून नवल वाटू शकेल. पण रुग्णाबद्दल कितीही कळवळा असला आणि त्याला उचलण्याची रीत माहीत नसली, तर त्या कळवळ्यातून त्याच्या पाठीची साल निघण्यापलीकडे काही होत नाही.

भारतीय परंपरेला ही सांगड अपरिचित नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. त्यांतील परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता असे चार गुण असावेत असे तेथे म्हटले आहे. अनुराग ज्ञानाच्या वर ठेवलेला नाही आणि खालीही नाही. चारांपैकी एक म्हणून तो आला आहे. बौद्ध विनयपिटकात तर याहून ठसठशीत प्रसंग येतो. अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच मलमूत्रात पडून राहिलेल्या आणि इतर भिक्षूंनी दुर्लक्षित केलेल्या एका भिक्षूला बुद्ध आनंदाच्या मदतीने स्वतः धुतात, उचलून मंचकावर ठेवतात आणि मग रुग्णसेवेचे नियम घालून देतात. चांगल्या परिचारकाची लक्षणे सांगताना तेथे औषध तयार करता येणे, पथ्यापथ्य कळणे, लाभाच्या आशेने सेवा न करता मैत्रभावाने करणे, रुग्णाला धीर देणारे बोलता येणे यांच्या बरोबरीने मल, मूत्र, वांती आणि थुंकी काढताना किळस न वाटणे हेही लक्षण स्पष्ट शब्दांत नोंदवलेले आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या या यादीत शुश्रूषेचे शारीरिक वास्तव जितक्या निःसंकोचपणे आले आहे तितक्या निःसंकोचपणे ते आजच्या गौरवपर भाषणांत क्वचितच येते.

आधुनिक शुश्रूषाशास्त्राने हा विषय सैद्धांतिक पातळीवर हाती घेतला तो मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मॅडेलिन लेनिंजर यांनी काळजी हाच शुश्रूषेचा गाभा मानून प्रत्येक संस्कृतीत तिची रूपे वेगळी असतात असे दाखवले. जीन वॉटसन यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात रोग बरा करणाऱ्या घटकांहून वेगळे असे काळजीचे दहा घटक मांडले. कॅनडातील सिमोन रोच यांनी करुणा, क्षमता, आत्मविश्वास, सदसद्विवेक आणि बांधिलकी या पाच गुणांतून काळजी व्यक्त होते असे म्हटले. या मांडण्यांतील काही भाग, विशेषतः वॉटसन यांच्या नंतरच्या लेखनातला, इतका आध्यात्मिक होत जातो की रात्रपाळीच्या परिचारिकेला त्याचा नेमका काय उपयोग, असा प्रश्न पडावा. पण रोग आणि रोगी या दोन वेगळ्या गोष्टी असून रोग्याकडे पाहणे हेही शास्त्रच आहे, हा आग्रह त्यांनी विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत रुजवला, हे त्यांचे काम मोठे आहे.

काळजी म्हणजे काय याचे जे उदाहरण मुंबईत घडले त्याला जगात फारशी तोड नाही. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. गळा साखळीने आवळला गेल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला आणि मेंदूला कायमची इजा झाली. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या केईएममध्येच होत्या आणि तेथील परिचारिकांनी त्यांना अंघोळ घातली, भरवले, स्वच्छ ठेवले, कूस बदलली. १९८० च्या दशकात त्यांना रुग्णालयातून हलवण्याचे प्रयत्न झाले तेव्हा परिचारिकांनीच विरोध करून ते थांबवले. अरुणा शानबाग यांना सहकारी म्हणून ओळखणाऱ्या परिचारिका एकेक करून निवृत्त झाल्या आणि ज्यांनी त्यांना चालता-बोलताना कधी पाहिलेच नव्हते अशा परिचारिकांच्या हाती हे काम आले, तरी त्यात खंड पडला नाही.

त्यांच्यासाठी बाहेरच्या एका व्यक्तीने केलेल्या दयामरणाच्या मागणीवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. त्यासाठी नेमलेल्या डॉक्टरांच्या समितीने अरुणा शानबाग यांची तपासणी केली होती आणि इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण नव्हते ही गोष्ट न्यायालयासमोर आली. निकालात न्यायालयाने केईएमच्या परिचारिकांच्या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि अरुणा यांच्या वतीने निर्णय मागण्याचा अधिकार बाहेरच्या व्यक्तीपेक्षा त्यांची देखभाल करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना अधिक आहे असे मानले. अशा अवस्थेत जीवन लांबवावे का, हा प्रश्न या सेवेने सुटत नाही. त्यावर गंभीर मतभेद होते आणि आहेत, आणि परिचारिकांची माया हे त्या प्रश्नाचे उत्तर मानणे दोन्ही बाजूंवर अन्याय करणारे ठरेल. शुश्रूषेच्या अभ्यासकाने येथून उचलण्याजोगी गोष्ट निराळी आहे. चार दशके व्रण न होणे हे एका व्यक्तीच्या मनाच्या मोठेपणाने घडत नाही. त्यासाठी सकाळच्या पाळीने दुपारच्या पाळीला आणि दुपारच्या पाळीने रात्रीच्या पाळीला काम सोपवताना ही रुग्णही प्रत्येक वेळी सोपवली जावी लागते. नव्याने आलेल्या मुलीला जुन्या सिस्टरने हात धरून शिकवावे लागते. मायेला वेळापत्रक असावे लागते. केईएममध्ये करुणा वॉर्डाच्या सवयीत उतरली होती आणि म्हणून ती माणसे बदलल्यावरही टिकली. या कहाणीची दुसरी बाजूही विसरू नये: हल्ला झाला तो रुग्णालयाच्या आवारात, कामावर असलेल्या परिचारिकेवर, आणि त्यानंतर मुंबईच्या परिचारिकांना स्वतःच्या सुरक्षिततेसाठी संप करावा लागला.

करुणा सवयीत जशी उतरू शकते तशीच ती व्यवस्थेतून काढूनही टाकता येते, आणि हे कसे घडते याचा एक अत्यंत मार्मिक अभ्यास इझाबेल मेन्झिस या मनोविश्लेषक बाईंनी लंडनच्या एका शिक्षण-रुग्णालयात करून १९६० च्या सुमारास प्रसिद्ध केला. तेथे शिकाऊ परिचारिका मोठ्या प्रमाणात शिक्षण सोडून जात होत्या आणि त्याचे कारण शोधायचे होते. मेन्झिस यांना असे आढळले की परक्याच्या वेदना, नग्नता, दुर्गंधी आणि मृत्यू यांच्या सतत सान्निध्याने जी तीव्र चिंता निर्माण होते तिच्यापासून बचाव म्हणून रुग्णालयाने नकळत एक रचना उभी केली होती. एका परिचारिकेकडे ठरावीक रुग्ण सोपवण्याऐवजी सर्व रुग्णांचे एकच काम सोपवले जाई: एकीने सगळ्यांचे ताप मोजायचे, दुसरीने सगळ्यांना बेडपॅन द्यायचे. रुग्णाचा उल्लेख नावाने न होता खाटेच्या क्रमांकाने आणि आजारी अवयवाने होई. विद्यार्थिनींना या वॉर्डातून त्या वॉर्डात वरचेवर हलवले जाई, आणि रडू आले तर डोळे पुसून कामाला लागण्याचा उपदेश केला जाई. मनाला त्रास होऊ नये म्हणून नाते जुळूच न देण्याची ही युक्ती होती. प्रत्यक्षात ज्या समाधानासाठी मुली या व्यवसायात आल्या होत्या तेच त्यातून हिरावले जात होते, आणि ज्यांना रुग्णांबद्दल अधिक वाटत होते त्याच अनेकदा सोडून जात होत्या. खाट क्रमांकाने रुग्ण ओळखणे आणि कामांची वाटणी वॉर्डभर करणे या दोन्ही पद्धती आपल्याकडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत आजही सर्रास दिसतात. मात्र तेथे त्यामागे चिंतेपेक्षा मनुष्यबळाचा तुटवडा हे कारण बहुधा मोठे असते.

वेळ आणि करुणा यांचा संबंध किती थेट आहे हे जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दिसते. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे जायला सांगितले होते आणि वाटेत एक माणूस कण्हत, खोकत बसवलेला होता. ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांच्यापैकी सुमारे १० टक्के थांबले. ज्यांना पुरेसा वेळ होता त्यांच्यापैकी ६३ टक्के. काही विद्यार्थी तर वाटेत पडलेल्याला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाच्या बायबलमधील दृष्टान्तावरच बोलायला निघाले होते, पण त्या विषयाने फारसा फरक पडला नाही.

रुग्णालयांतील आकडेवारी याला दुजोरा देते. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये असे दाखवले की एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. युरोपातील नऊ देशांच्या २०१४ मधील अभ्यासातही जवळजवळ हाच आकडा आला, आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण वाढले की मृत्यूची शक्यता घटते हेही त्यात दिसले. इंग्लंडमधील परिचारिकांना मागच्या पाळीत वेळेअभावी काय राहून गेले असे विचारले तेव्हा सर्वाधिक, म्हणजे ६६ टक्के, परिचारिकांनी सांगितले की रुग्णांशी बोलणे आणि त्यांना धीर देणे राहून गेले. इंजेक्शन राहिले तर नोंदवहीत रिकामी जागा दिसते. न केलेल्या चौकशीसाठी नोंदवहीत रकानाच नसतो.

नोंदवहीत न दिसणारा हा भाग सोडून दिला की काय होते ते इंग्लंडच्या स्टॅफर्ड रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात दिसले. आर्थिक उद्दिष्टे गाठण्यासाठी कर्मचारी कमी केले गेले. रुग्ण घाणीत पडून राहिले, पाणी हाताला लागेल अशा अंतरावर ठेवले जात नव्हते, नातेवाइकांच्या तक्रारी बाजूला सारल्या गेल्या. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशी अहवालाने फेब्रुवारी २०१३ मध्ये तब्बल २९० शिफारशी केल्या. त्याच सुमारास इंग्लंडच्या आरोग्यसेवेने काळजी, करुणा, क्षमता, संवाद, धैर्य आणि बांधिलकी या सहा मूल्यांचा कार्यक्रम जाहीर केला. या यादीत धैर्य आले हे महत्त्वाचे आहे, कारण वॉर्डात चूक घडत असल्याचे वरिष्ठांना सांगण्याची छाती नसेल तर बाकीचे पाच गुण रुग्णाच्या उपयोगी पडत नाहीत. परंतु खाटांमागची माणसे कमी करून उरलेल्यांना करुणेचे धडे द्यायचे, ही रीत न्याय्य नाही आणि ती चालतही नाही.

करुणेने माणूस थकतो काय, हा प्रश्न या चर्चेत वारंवार येतो. कार्ला जॉइन्सन यांनी १९९२ मध्ये परिचारिकांच्या संदर्भात ‘करुणेचा थकवा’ ही संज्ञा वापरली आणि ती रूढ झाली. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी मेंदूचे चित्रण करून केलेल्या अभ्यासांनी मात्र तिला एक महत्त्वाची दुरुस्ती सुचवली. दुसऱ्याचे दुःख स्वतःच भोगल्यासारखे अनुभवण्याचे, म्हणजे समानुभूतीचे, प्रशिक्षण दिले तेव्हा सहभागी लोकांच्या मनातील पीडा वाढली. त्याच लोकांना नंतर मैत्री आणि करुणेच्या ध्यानाचे प्रशिक्षण दिल्यावर पीडा ओसरली, हितेच्छेची सुखद भावना वाढली आणि मेंदूतील वेगळे भाग कार्यरत झालेले दिसले. थकवतो तो दुःखात बुडण्याचा अनुभव. मदत करण्याची इच्छा त्यापासून वेगळी आहे. पाचव्या शतकातील बौद्ध आचार्य बुद्धघोष यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात शोक हा करुणेचा जवळचा शत्रू आणि क्रौर्य हा दूरचा शत्रू असे वर्गीकरण केले होते. शोक करुणेसारखाच दिसतो, म्हणून अधिक धोक्याचा. काय करायला हवे ते ठाऊक असूनही नियमांमुळे किंवा साधनांअभावी ते करता न येण्याची जी नैतिक घुसमट असते, जिला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नाव दिले, ती तर ध्यानाने जात नाही. तिच्यावर उपाय वॉर्डाच्या व्यवस्थेतच करावा लागतो.

मग हे शिकवता येते काय? शुश्रूषेच्या शिक्षणावर एक जुना समज अजून पकड ठेवून आहे, तो असा की काळजी घेणे हा स्त्रीचा उपजत गुण आहे आणि विद्यालयाने फक्त इंजेक्शन, सलाइन आणि औषधांच्या मात्रा शिकवायच्या आहेत. या समजाने स्त्रियांच्या कामाचे मोल कमी केले आणि पुरुषांना या व्यवसायापासून दूर ठेवले. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिकी ते निष्णात असे परिचारिकेच्या वाटचालीचे पाच टप्पे मांडले, त्यांतून याहून वेगळे चित्र उभे राहते. पहिल्यांदा नाकातून नळी घालणाऱ्या विद्यार्थिनीचे सारे लक्ष नळीवर, हातमोज्यांवर आणि पायऱ्यांच्या क्रमावर असते. रुग्णाच्या डोळ्यांत दाटलेली भीती तिला दिसत नाही, आणि त्याबद्दल तिला कठोर मनाची ठरवणे चूक आहे. हात सरावले की नजर मोकळी होते. निष्णात परिचारिका तेच काम करताना रुग्णाचा श्वास, चेहऱ्याचा रंग आणि मुठीची पकड एकाच वेळी वाचत असते. कौशल्यामुळे करुणा कोरडी होते ही भीती म्हणूनच फोल आहे. कौशल्य नसेल तर करुणेला वावच मिळत नाही.

तरीही केवळ सरावाने हे घडत नाही, कारण विद्यार्थिनी वर्गात एक शिकते आणि वॉर्डात दुसरे पाहते. शिक्षणशास्त्रात याला छुपा अभ्यासक्रम म्हणतात, म्हणजे छापील अभ्यासक्रमात नसलेले पण वातावरणातून शिकवले जाणारे धडे. दीपप्रज्वलनाच्या समारंभात पांढऱ्या गणवेशात शपथ घेतलेली मुलगी पहिल्या पोस्टिंगला गेल्यावर रुग्णाशी बोलत उभी राहिली आणि इन्चार्ज सिस्टरने काम सोडून गप्पा मारत असल्याबद्दल चारचौघांत झापले, तर त्या एका वाक्याने शपथ पुसली जाते. तिच्याशी जसे वागले जाते तसेच ती रुग्णाशी वागायला शिकते. म्हणून पाठ्यनिर्देशिकेने, म्हणजे ‘सिस्टर ट्यूटर’ने, वर्गाबाहेर पडून खाटेजवळ उभे राहणे आणि रुग्णाला हात लावण्यापूर्वी पडदा ओढणे, त्याची परवानगी घेणे, काय करणार ते सांगणे हे स्वतः करून दाखवणे याला पर्याय नाही. विद्यार्थ्यांनी एकमेकांना चमच्याने भरवणे, हालचाल न करता बराच वेळ खाटेवर पडून राहणे, घडलेल्या प्रसंगावर रोजनिशी लिहून गटात चर्चा करणे अशा पद्धती अनेक ठिकाणी वापरल्या जातात, आणि त्यांचा खरा लाभ असा की दुसऱ्याच्या हातून खाताना घास किती मोठा वाटतो आणि चमचा किती घाईने येतो हे एकदा स्वतःला कळते.

निरीक्षणही असेच शिकवावे लागते, आणि त्यात एक अडचण पुस्तकांचीच आहे. शय्याव्रणाची पहिली खूण म्हणून बोटाने दाबल्यावरही न जाणारा लालसरपणा सांगितला जातो; हे वर्णन गोऱ्या त्वचेवरून केलेले आहे. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर तो लालसरपणा सहसा दिसत नाही, म्हणून आसपासच्या त्वचेपेक्षा ती जागा गरम वा गार लागते का, टणक वा लिबलिबीत वाटते का, तिचा रंग अधिक गडद झाला आहे का आणि रुग्णाला तेथे ठणका आहे का हे हाताने आणि प्रश्नाने तपासावे लागते. ब्रेडन मोजपट्टी नावाचे एक साधन आहे. संवेदना, ओलावा, वावर, हालचाल, आहार आणि घर्षण या सहा बाबींवर गुण देऊन त्यातून धोका ओळखला जातो आणि ६ ते २३ या गुणांत १८ किंवा त्याहून कमी गुण धोक्याचे मानले जातात. मोजपट्टी उपयोगी आहे, पण ती भरणारीने रुग्णाला कुशीवर वळवून पाठ पाहिलेलीच असली पाहिजे.

प्रत्येक संस्कृतीत काळजीची रूपे वेगळी असतात हा लेनिंजर यांचा मुद्दा महाराष्ट्रातल्या वॉर्डांत रोज प्रत्ययाला येतो. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत केरळमधून आलेल्या असंख्य परिचारिका कित्येक दशके काम करत आल्या आहेत, आणि गावाकडून आलेल्या म्हातारीला ‘आजी, दुखतंय का?’ असे मराठीत विचारण्यापुरती भाषा त्यांनी कामावरच, आयाबाई आणि मावशींच्या तोंडून, आत्मसात केली. भाषेखेरीज स्पर्शाचा, सोवळ्याओवळ्याचा, परपुरुषाने हात लावण्याचा, पथ्याच्या कल्पनांचा प्रश्न येतो. जातीच्या समाजात परक्याच्या मलमूत्राला हात लावणे हे काम हलके ठरले होते, आणि म्हणूनच सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना स्वतः संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी मृत्यू पावल्या या घटनेचे सामाजिक वजन फार मोठे आहे. पुढे रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचारिकांच्या शिक्षणाला हात घातला, तेव्हा विधवा आणि गरजू स्त्रियांना या व्यवसायात आणणे म्हणजे याच कलंकाशी झगडणे होते. तो कलंक पुरता गेलेला नाही. परिचारिकेला देवदूत म्हणणारी कुटुंबे मुलीच्या लग्नाच्या बाजारात तिच्या रात्रपाळीबद्दल कुजबुजताना आढळतात.

शिक्षणातील आणखी एक दोष शंभर वर्षांपूर्वीच नोंदवला गेला होता. जोसेफिन गोल्डमार्क यांनी १९२३ मध्ये अमेरिकेतील शुश्रूषा-शिक्षणाचा अहवाल लिहिला तेव्हा रुग्णालये विद्यार्थिनींना स्वस्त मजूर म्हणून राबवतात आणि शिक्षण मागे पडते असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी येल विद्यापीठात रुग्णालयापासून स्वतंत्र असे शुश्रूषा विद्यालय सुरू झाले. भारतात भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये सुधारलेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमाने सत्रपद्धती आणली आणि प्रतिरूप वातावरणातील सरावाला, म्हणजे खऱ्या रुग्णाआधी पुतळ्यावर व प्रयोगशाळेत शिकण्याला, अधिक स्थान दिले. पण विद्यार्थी वॉर्डात गेल्यावर त्यांना शिकणारे म्हणून वागवायचे की कमी पडलेल्या हातांची भरती म्हणून, हे अजून प्रत्येक रुग्णालय आपापल्या सोयीने ठरवते. शिक्षण-रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी असा परिषदेचा निकष आहे. सार्वजनिक रुग्णालयांच्या रात्रपाळीत एका परिचारिकेवर याच्या कित्येक पटींनी रुग्ण असतात, आणि अशा वेळी दर दोन तासांनी कूस बदलण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले जाते. ज्या रुग्णाला नातेवाईक नाही, त्याची कूस कोण बदलणार हे ठरलेले नसते.

खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने शिफारशी केल्या: दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयांनी सरकारी परिचारिकांइतके वेतन द्यावे आणि पन्नासहून कमी खाटा असलेल्या ठिकाणीही ते दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अंमलबजावणी राज्यांकडे गेली, आणि छोट्या नर्सिंग होममधून आजही त्या आकड्याच्या निम्म्यावर राबणाऱ्या मुली आहेत. बारा तासांची पाळी, दोन नोकऱ्यांची धावपळ आणि पहाटेची लोकल यांतून येणाऱ्या परिचारिकेच्या हाताला घाई असते, आणि कूस बदलताना ती घाई सर्वांत आधी रुग्णाच्या पाठीला कळते.